शिकाऊ हाताचे कर्म

शिक्षणक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी पाठवण्याची पद्धत आज वैद्यक, परिचर्या, अध्यापन, समाजकार्य आणि औद्योगिक प्रशिक्षण अशा अनेक शाखांत रूढ आहे. एमबीबीएसची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला 12 महिन्यांची आंतरवासिता पूर्ण केल्याशिवाय कायम नोंदणी मिळत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या निकषांनुसार दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमातील 20 आठवडे छात्राध्यापकाला शाळेत काढावे लागतात. आयटीआयमधून बाहेर पडलेला फिटर किंवा टर्नर शिकाऊ उमेदवार म्हणून कारखान्यात रुजू होतो. या काळात त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्याला कोठे मार्गदर्शक शिक्षक, कोठे निदेशक, कोठे पर्यवेक्षक म्हणतात, आणि त्याच्या कर्तव्यांची चर्चा बहुधा कारभाराच्या भाषेत होते: पाठांचे निरीक्षण किती वेळा करावे, नोंदवही कधी तपासावी, गुण कोणत्या रकान्यात भरावेत. या चर्चेच्या तळाशी असलेला प्रश्न मात्र कारभाराचा नाही, कर्मविचाराचा आहे. शिकाऊ हाताने केलेले कर्म कोणाचे, आणि ते बिघडले तर त्याचे फळ कोणी भोगायचे, असा तो प्रश्न आहे. आणि मार्गदर्शकाने शिकाऊला आधार द्यावा म्हणजे नेमके काय करावे, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्रश्न अवघड होतो तो शिकण्याच्या स्वरूपामुळे. टाके घालायला शिकायचे तर टाके घालावे लागतात, आणि ज्याला टाके घालता येत नाहीत त्यानेच ते घालायचे असतात. ही विसंगती ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन नीतिशास्त्रा’च्या दुसऱ्या भागात सद्गुणांच्या संदर्भात मांडली आहे. न्यायाची कृत्ये करून माणूस न्यायी होतो असे म्हटले, तर ती कृत्ये करणारा आधीच न्यायी असला पाहिजे, अशी शंका तो स्वतः उपस्थित करतो आणि व्याकरणाचे उदाहरण घेऊन तिचे निरसन करतो: योगायोगाने किंवा दुसऱ्याने सुचवल्यामुळे एखाद्याच्या हातून व्याकरणशुद्ध रचना होऊ शकते, परंतु ती रचना त्याच्या स्वतःच्या ज्ञानातून निघेल तेव्हाच त्याला व्याकरणकार म्हणता येईल. या उत्तरात शिकाऊची अवस्था अचूक पकडली गेली आहे. त्याच्या हातून कर्म घडते, बाहेरून पाहणाऱ्याला ते पूर्ण कर्मासारखे दिसते, पण ज्या ज्ञानातून ते निघायला हवे त्याचा काही अंश अजून दुसऱ्याजवळ असतो. म्हणजे या काळात कर्ता एक आणि ज्ञाता दुसरा, अशी फाळणी झालेली असते. मार्गदर्शक हा या फाळणीतला दुसरा पक्ष होय. तो कर्माच्या बाहेर उभा राहून पाहणारा प्रेक्षक नव्हे.

ही फाळणी शक्य तितकी निरुपद्रवी व्हावी म्हणून ‘सुश्रुतसंहिते’ने केलेली योजना प्रसिद्ध आहे, तरी तिचा तपशील पुन्हा पाहण्यासारखा आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात ‘योग्या’ म्हणजे शस्त्रकर्माचा सराव सांगितला आहे. छेदन कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावे. भेदन पाणी किंवा चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर. लेखन म्हणजे खरवडणे केस असलेल्या ताणलेल्या कातड्यावर. वेधन मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. शिवणकाम जाड कापडाच्या व मऊ कातड्याच्या कडांवर. पट्टी बांधण्याचा सराव माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर. सर्व शास्त्रांचा अर्थ समजलेल्या शिष्याकडूनही ही योग्या करून घ्यावी, कारण पुष्कळ ऐकलेला पण सराव न केलेला माणूस कर्मास अयोग्य ठरतो, असे संहिता म्हणते. त्यानंतरच्या अध्यायात हा वैद्य राजाची अनुज्ञा घेऊन गावात वैद्यकी करायला निघतो.

या योजनेचे कौतुक नेहमी होते. तिची मर्यादा क्वचितच सांगितली जाते. कोहळ्याला वेदना होत नाही, तो घाबरत नाही, त्याच्या नातेवाइकांना बाहेर बाकावर बसून वाट पाहावी लागत नाही. कोहळ्यापासून माणसापर्यंतचे अंतर कितीही सरावाने शून्य होत नाही, आणि केव्हातरी पहिला जिवंत माणूस येतोच. आजच्या कौशल्य प्रयोगशाळांतील प्लॅस्टिकच्या हातांबद्दलही हेच म्हणावे लागेल. सुश्रुतपरंपरेला याची जाणीव असावी, कारण तिने सरावाबरोबरच एक नैतिक तजवीज केली आहे आणि ती सरावाच्याही आधी, दुसऱ्या अध्यायातल्या शिष्योपनयनात येते. तेथे गुरू अग्नीच्या साक्षीने शिष्याला वागणुकीचे नियम सांगतो, आणि त्याच दमात स्वतःलाही बांधून घेतो: तू नीट वागत असताना मी जर तुझ्याशी अन्यथा वागलो, तर मी पापाचा भागी होईन आणि माझी विद्या निष्फळ होईल, या आशयाचे वचन तो देतो. शिष्याकडून शपथ घेणारे ग्रंथ पुष्कळ आहेत; शिष्यासमोर शपथ घेणारा गुरू विरळा. आजच्या प्रशिक्षण करारांत शिकाऊच्या कर्तव्यांची यादी सविस्तर असते, पण मार्गदर्शकाची विद्या निष्फळ होईल असे कलम कोठे आढळत नाही.

कामाच्या ठिकाणी प्रशिक्षणार्थींची जी उपेक्षा होते तिच्यामागे बहुधा दुष्टावा नसतो. ‘काम करता करता आपोआप शिकेल’ अशी एक समजूत असते, आणि ती अर्धी खरी असल्यामुळे अधिक फसवी आहे. ‘छांदोग्य उपनिषदा’च्या चौथ्या अध्यायातील उपकोसलाची कथा या समजुतीची परीक्षा घेते. सत्यकाम जाबालाकडे उपकोसल कामलायन 12 वर्षे ब्रह्मचारी म्हणून राहिला आणि त्याच्या अग्नींची सेवा करत राहिला. सत्यकामाने इतर अंतेवासींचे, म्हणजे गुरूजवळ राहून शिकणाऱ्यांचे, समावर्तन करून त्यांना घरी पाठवले. उपकोसलाला मात्र ना शिकवले, ना सोडले. गुरुपत्नीने नवऱ्याला बजावले की या ब्रह्मचाऱ्याने तप केले आहे, अग्नींची सेवा चांगली केली आहे, अग्नी तुला दोष देण्याआधी त्याला उपदेश कर. पण सत्यकाम काही न सांगताच प्रवासाला निघून गेला. उपकोसलाने खिन्न होऊन अन्न सोडले. तेव्हा ज्या अग्नींची त्याने सेवा केली होती तेच आपसांत बोलले आणि त्यांनी त्याला ब्रह्माचा उपदेश केला.

कथा एवढ्यावर संपली असती तर ‘काम शिकवते’ या मताला उपनिषदाचा आधार मिळाला असता. ती संपत नाही. अग्नी आपली विद्या सांगून झाल्यावर म्हणतात की पुढची गती तुला आचार्य सांगतील. सत्यकाम परत येतो, शिष्याच्या मुखावरचे तेज ओळखतो, तुला कोणी शिकवले असे विचारतो, आणि उपकोसल आधी उत्तर टाळल्यासारखे करतो, हा तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. गुरूच्या गैरहजेरीत शिकलेले सांगताना शिष्याला संकोच वाटतो, जणू अपराध त्याचाच आहे. मग सत्यकाम म्हणतो की अग्नींनी लोकांविषयी सांगितले, उरलेले मी सांगतो. येथे कामाचा आणि मार्गदर्शकाचा वाटा स्पष्ट वेगळा केला आहे. काम माणसाला वस्तूंचे स्वरूप शिकवू शकते: लोखंड किती तापल्यावर वाकते, वर्गातले मूल कोणत्या क्षणी लक्ष काढून घेते, कोणती शीर सुईला दाद देत नाही. परंतु आता काय करायचे, हे कोठे नेते आणि यात आपण कोण आहोत, हे काम सांगत नाही. ते न सांगता निघून जाणारा सत्यकाम काही अज्ञानी नव्हता. तो स्वतः गुरूच्या गायी राखत, रानात बैल, अग्नी, हंस आणि मद्गू नावाचा पाणपक्षी यांच्याकडून शिकून आला होता. कदाचित म्हणूनच त्याला शिष्याचेही तसेच होईल असे वाटले असावे. आपण ज्या हालांतून शिकलो ते हाल म्हणजेच शिक्षण, असे मानणारे ज्येष्ठ प्रत्येक वॉर्डात आणि प्रत्येक वर्कशॉपमध्ये भेटतात, आणि उपनिषदाने त्यांना उत्तर देण्याचे काम गुरुपत्नीकडे सोपवले आहे, हे त्या ग्रंथाच्या सूक्ष्म दृष्टीचे द्योतक म्हणावे लागेल.

उपकोसलाच्या कथेतून दुसरा प्रश्न निघतो तो श्रमाचा. 12 वर्षे अग्नी सांभाळणारा विद्यार्थी होता की सेवक? धर्मशास्त्राने हा प्रश्न व्यवहाराच्या, म्हणजे वादनिर्णयाच्या प्रकरणात उघडपणे हाताळला आहे. ‘नारदस्मृती’ शिल्प म्हणजे कारागिरी शिकू इच्छिणाऱ्या अंतेवासीचा विचार करते: त्याने नातेवाइकांच्या संमतीने, मुदत ठरवून आचार्याकडे राहावे; आचार्याने त्याला आपल्या घरी जेवू घालून शिकवावे, त्याच्याकडून दुसरे काम करून घेऊ नये आणि त्याला पुत्रासारखे वागवावे. ‘याज्ञवल्क्यस्मृती’ही सांगते की शिल्प आधीच हाती आले तरी अंतेवासीने ठरलेली मुदत पुरी करावी आणि त्या काळातील कामाचे फळ गुरूला द्यावे. या व्यवस्थेला रम्य समजण्याचे कारण नाही. निर्दोष आचार्याला सोडून जाणाऱ्या शिष्याला बळाने परत आणावे, त्याला मारावे आणि कोंडावे, अशीही तरतूद नारदाने केली आहे. तरीही एक गोष्ट या स्मृतिकारांनी झाकून ठेवली नाही: शिकाऊच्या श्रमाला किंमत असते, ती कोणीतरी घेत असतो, आणि ती घेणाऱ्यावर शिकवण्याचे ऋण चढते.

आजचा कायदा या श्रमाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम 18 नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. त्याला मिळते ते विद्यावेतन, मजुरी नाही. कारखान्यांतील आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांविषयीच्या तरतुदी त्याला लागू होतात, पण सामान्यतः कामगार कायदे लागू होत नाहीत. हेतू समजण्यासारखा आहे: शिकणाऱ्याला मजूर समजू नये. परंतु जेथे शिकवले जात नाही आणि काम मात्र घेतले जाते, तेथे हीच व्याख्या शिकाऊला उघड्यावर टाकते; कामगाराचे संरक्षण नाही आणि विद्यार्थ्याचा लाभ नाही, अशा मोकळ्या पट्ट्यात तो उभा राहतो. या ठिकाणी ‘आपस्तंब धर्मसूत्र’ कायद्यापेक्षा अधिक नेमके बोलते. आचार्याने शिष्याला पुत्राप्रमाणे इच्छून, काही न लपवता विद्या द्यावी, आणि आपत्काल वगळता त्याच्या अध्ययनात विघ्न येईल अशा रीतीने त्याला स्वतःच्या कामाला जुंपू नये. विद्या देण्यात टाळाटाळ करणारा आचार्य आचार्यच राहत नाही. म्हणजे शिष्याचे स्थान एकदा नाव देऊन ठरत नाही. ते आचार्याच्या रोजच्या वागण्याने ठरत राहते. छात्राध्यापकाला रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या तासावर पाठवले आणि त्याच्या पाठाचे निरीक्षण कोणी केले नाही, तर त्या तासापुरता तो फुकटचा बदली शिक्षक झाला, मग कागदावर काहीही असो.

आता मूळ प्रश्नाकडे. कर्म बिघडले तर दोष कोणाचा? परंपरेतील एक उत्तर ‘मनुस्मृती’च्या आठव्या अध्यायात आहे: काही माणसे आपले पाप दुसऱ्यावर पुसून टाकतात, आणि त्यांत शिष्य आपले पाप गुरूवर पुसतो असे म्हटले आहे. हे उत्तर गुरूला सावध करते, पण शिष्याला कर्त्याच्या पदावरून पूर्णपणे उतरवते. जो चुकूच शकत नाही, कारण त्याची चूक दुसऱ्याच्या खात्यावर जाते, तो शिकूही शकत नाही. दुसरे उत्तर मीमांसेच्या कर्मविचारातून काढता येईल. यज्ञातील बहुतेक क्रिया ऋत्विज म्हणजे पुरोहित करतात, पण फळ यजमानाला मिळते, कारण दक्षिणा देऊन त्याने त्यांचे कर्म विकत घेतलेले असते. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात याची चर्चा आहे. आजच्या संस्था मनातल्या मनात हेच गृहीत धरतात: यश रुग्णालयाचे, उत्पादन कारखान्याचे. मात्र अपयशाच्या वेळी हा हिशेब उलटतो आणि चूक ‘त्या इंटर्नची’ होते. ऋत्विजाचे प्रतिमान शिकाऊला लागूच पडत नाही, कारण त्याचे कर्म कोणी पूर्ण मोल देऊन घेतलेले नसते आणि ऋत्विज हा त्याच्या विद्येत पारंगत असतो.

तिसरे उत्तर आपस्तंबाचे आहे आणि ते अधिक ग्राह्य वाटते. ज्या कर्मांचे फळ स्वर्ग किंवा नरक आहे त्यांत प्रयोजयिता म्हणजे प्रवृत्त करणारा, मन्ता म्हणजे संमती देणारा आणि कर्ता म्हणजे प्रत्यक्ष करणारा, असे तिघेही भागीदार असतात, आणि ज्याचा वाटा अधिक त्याला फळ अधिक. या मांडणीला व्याकरणातही जोड आहे: पाणिनी स्वतंत्र असलेल्याला कर्ता म्हणतो आणि त्या कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्यालाही कर्ता ही संज्ञा देतो. प्रेरणेने कर्तृत्व एकाकडून दुसऱ्याकडे सरकत नाही. ते दोघांत राहते. शिकाऊच्या बाबतीत याचा अर्थ असा की त्याचा वाटा कधीच शून्य नसतो आणि कधीच पूर्ण नसतो. सुई त्याने टोचली, म्हणून तो कर्ता. टोच असे मार्गदर्शकाने सांगितले, म्हणून मार्गदर्शक प्रयोजयिता. आणि सहा वॉर्डांसाठी एकच निवासी डॉक्टर ठेवून ज्या व्यवस्थापनाने हे असेच चालेल असे मान्य केले, ते मन्ता. या तिघांत मन्ता सर्वांत सहज निसटतो, कारण संमती बहुधा मौनाने दिली जाते.

वाटे समान नाहीत हेही या सूत्रात येते, आणि मार्गदर्शनाचे सारे कौशल्य या असमानतेच्या हिशेबात आहे. पहिल्या आठवड्यात छात्राध्यापकाचा वर्ग हाताबाहेर गेला, तर त्यात मार्गदर्शक शिक्षकाचा भाग मोठा, कारण पाठ टाचण त्यानेच तपासून मंजूर केलेले असते; पंधराव्या आठवड्यात तीच गोष्ट घडली तर भागांचे प्रमाण बदललेले असते. जो मार्गदर्शक सुरुवातीपासून सर्व भार शिकाऊवर टाकतो तो क्रूर ठरतो, हे सर्वांना दिसते. शेवटपर्यंत सर्व भार स्वतःकडे ठेवणाराही अन्याय करतो, हे तितकेसे दिसत नाही, कारण त्याचे वर्तन प्रेमळ असते.

आतापर्यंतच्या विचारात दोनच पक्ष धरले गेले. प्रत्यक्षात तिसरा पक्ष असतो आणि त्याने या भागीदारीला कधी होकार दिलेला नसतो. तो म्हणजे ज्याच्या देहावर, मनावर किंवा भवितव्यावर शिकणे घडते तो रुग्ण, ते मूल. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, या कांटच्या निकषाला येथे खरी कसोटी लागते. सार्वजनिक रुग्णालयातील गरीब रुग्णावर शिकून झालेले हात पुढे खासगी दवाखान्यात संपन्न रुग्णाच्या कामी येतात, ही वस्तुस्थिती कोणत्याही नीतिविचाराला अस्वस्थ करणारी आहे. ‘चरकसंहिते’च्या विमानस्थानात आठव्या अध्यायातील दीक्षाविधीत हा तिसरा पक्ष निदान नावाने हजर आहे: अग्नी, ब्राह्मण आणि वैद्य यांच्या समक्ष शिष्याला सांगितले जाते की रुग्णाच्या आरोग्यासाठी सर्व प्रकारे झटावे, आणि त्याच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत. परंतु हे दीक्षा घेणाऱ्याच्या विवेकावर सोपवलेले आहे; रुग्णाला विचारावे असे तेथे नाही. आज विचारता येते. ‘हे शिकत आहेत, मी शेजारी उभा आहे, चालेल का?’ हे एक वाक्य मार्गदर्शकाने उच्चारले की तीन गोष्टी एकदम घडतात: रुग्णाला नाही म्हणण्याचा अधिकार मिळतो, शिकाऊची अवस्था लपवण्याची गरज उरत नाही, आणि मार्गदर्शक स्वतःला उघडपणे भागीदार म्हणून नोंदवतो. पुष्कळ ठिकाणी हे वाक्य उच्चारले जात नाही, आणि विद्यार्थ्याला ‘डॉक्टर’ म्हणून पुढे ढकलले जाते. तेथे त्याने शिकलेली पहिली गोष्ट वैद्यक नसते, खोटे बोलणे असते.

काय शिकले जाईल यावर मार्गदर्शकाचा ताबा किती कमी असतो, हे यावरून ध्यानात येते. मायकेल पोलान्यी याने 1958 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पर्सनल नॉलेज’ या ग्रंथात दाखवले आहे की उस्तादाचे निरीक्षण आणि अनुकरण करताना शागीर्द अशाही गोष्टी उचलतो ज्या उस्तादाला स्वतःलाही शब्दांत सांगता येत नाहीत. पोलान्यीला यात परंपरेचे सामर्थ्य दिसते. त्यातला धोका ‘तैत्तिरीय उपनिषदा’च्या शिक्षावल्लीतील आचार्याने ओळखला होता: निरोप घेणाऱ्या अंतेवासीला तो सांगतो की आमची जी चांगली आचरणे आहेत त्यांचेच अनुसरण कर, इतरांचे नको. आपल्याजवळ इतरही आचरणे आहेत आणि शिष्याने ती पाहिली आहेत, ही कबुली त्यात आहे. आपस्तंब तर आणखी पुढे जातो. आचार्याकडून अनवधानाने किंवा जाणूनबुजून नियमाचे उल्लंघन झाले, तर शिष्याने ते एकांतात त्याच्या लक्षात आणून द्यावे. तो थांबला नाही तर ते कर्म स्वतः करावे किंवा त्याला आवरावे. औषधाची मात्रा चुकली आहे हे ज्या परिचारिका विद्यार्थिनीला दिसले, तिला बोलण्याचे धैर्य यावे यासाठी आजच्या रुग्णालयांना कार्यशाळा घ्याव्या लागतात. धर्मसूत्राने ती गोष्ट शिष्यधर्मात घातली आहे. एकांताची अट मात्र आज तशीच पाळता येणार नाही, कारण सुई दंडापाशी असताना बाहेर बोलावण्याइतका वेळ नसतो.

मग गुरुभक्तीचे काय? एकलव्याची कथा येथे निरुपयोगी आहे, कारण त्याच्यावर देखरेख करणारा कोणी नव्हताच, आणि अंगठा मागणाऱ्याने शिकवलेही नव्हते. ‘दासबोधा’च्या पाचव्या दशकात समर्थ रामदासांनी गुरूंचे प्रकार सांगताना पोट भरण्याचा व्यापार शिकवणाऱ्यांनाही गुरू म्हटले आहे, पण ते सद्गुरू नव्हेत असे बजावले आहे. रामदासांचा रोख सद्गुरूची थोरवी सांगण्याकडे आहे. तरी त्याचा दुसरा लाभ व्यापार शिकणाऱ्याला होतो. सद्गुरूला जे समर्पण करायचे ते वर्कशॉपमधल्या निदेशकाला देणे लागत नाही. त्याच्या चहाचे कप धुणे, त्याच्या मुलांना शाळेतून आणणे, त्याची चूक पदराखाली घेणे, हे सेवाधर्माच्या नावाखाली खपवले जाते ते दोन वेगळ्या नात्यांची सरमिसळ करून. उमेदवारी करणाऱ्याचा मार्गदर्शकाशी असलेला संबंध आदराचा असावा, पण तो मुदतीचा, हेतूचा आणि दोन्ही बाजूंनी हिशेबाचा आहे. नारदाने मुदत आधी ठरवायला सांगितली ती याच जाणिवेने.

मुदत संपताना अंतेवासीने आचार्याला प्रदक्षिणा घालून निघावे, असे नारद म्हणतो. आज त्या जागी पूर्णत्वाचा दाखला असतो, आणि त्यावरची मार्गदर्शकाची सही ही आपस्तंबाच्या अर्थाने आणखी एक संमती असते: हा माणूस यापुढे एकट्याने हे कर्म करू शकतो, यास माझी मान्यता आहे. अशी सही केल्यावर मार्गदर्शक त्या माणसाच्या पुढील किती कर्मांत मन्ता म्हणून उरतो, हा प्रश्न सूत्रकारांनी सोडवलेला नाही. ज्याचा वाटा अधिक त्याला फळ अधिक हा नियम लावला, तर नव्या वैद्याच्या प्रत्येक स्वतंत्र निर्णयागणिक जुन्याचा भाग घटत जाईल. पण मुळात जे शिकवलेच नव्हते, आणि शिकवल्याचे लिहून दिले होते, तेवढ्यापुरता तो घटण्याचे कारण दिसत नाही.